नाईट ड्यूटी आणि सिस्टरचं हृदय: स्वतःचा बीपी शेवटचा कधी घेतलात?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. मी स्टाफ नर्स, जीएनएम केलेली, सध्या मेडिसिन वॉर्डात. इथे सिस्टर लोक बरेच आहेत हे पाककृतींच्या धाग्यांवरच्या प्रतिसादांच्या वेळांवरून कळतंच (पहाटे साडेतीनला ढोकळ्याची शंका दुसरं कोण विचारणार!), म्हणून हा विषय इथेच काढते.

पहाटेच्या राउंडला आपण अख्ख्या वॉर्डाचे टीपीआर (ताप-नाडी-श्वास) आणि बीपी चार्टवर चढवतो. चढवणारीचा बीपी कुठल्या चार्टवर असतो? आमच्याकडे मागच्या महिन्यात एक जण सहज मशीन लावून बसली तर १६४/१०२. मशीन बिघडलंय म्हणून तिने दुसरं आणलं. तेही तेच म्हणालं.

गंमत अशी, की बायकांच्या हृदयविकाराबद्दल जगाला जे कळलं त्यातलं बरंचसं नर्सेसनीच कळवलंय. अमेरिकेत १९७६ साली 'नर्सेस हेल्थ स्टडी' सुरू झाला. फ्रँक स्पायझर नावाच्या डॉक्टरांना गर्भनिरोधक गोळ्यांचे दूरगामी परिणाम बघायचे होते. त्यासाठी त्यांनी ११ राज्यांतल्या ३० ते ५५ वयाच्या १,२१,७०० विवाहित नर्सेस निवडल्या. नर्सच का? तर प्रश्नावली नीट भरतात, आजाराचं नाव अचूक लिहितात, आणि वर्षानुवर्षं चिकाटीने उत्तरं पाठवतात. दर दोन वर्षांनी प्रश्नावली. मध्ये एकदा पायाच्या नखांचे तुकडे मागवले, तर ६० हजारांहून जास्त बायकांनी पाकिटात घालून पोस्टाने पाठवले! १९८९ मध्ये तरुण नर्सेसची दुसरी तुकडी जोडली गेली.

या अभ्यासात १९८८ साली एक साधा प्रश्न विचारला होता: दिवसपाळी-दुपारपाळीबरोबर महिन्यात किमान ३ रात्री, अशी फिरती ड्यूटी किती वर्षं केलीत? १९९५ मध्ये पहिला हिशोब आला. ६ किंवा जास्त वर्षं फिरती नाईट केलेल्यांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण कधीच न केलेल्यांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त. मग २०१६ मध्ये दोन्ही तुकड्या धरून, जवळजवळ १ लाख ८९ हजार बायकांचा २४ वर्षांचा हिशोब आला. त्यात १० वर्षांहून जास्त नाईट केलेल्यांचा धोका १५ ते १८ टक्क्यांनी जास्त निघाला. आणि नाईट सुटून जितकी वर्षं जास्त, तितका तो उतरत गेलेला दिसला.

तर प्रश्न असा, की नाईट सुटणं आपल्या हातात नाही. मग हातात काय आहे? अनुभव लिहा.

शंकेखोर
चांगला विषय. पण आधी ५० टक्के, मग १५. म्हणजे नक्की काय समजायचं? आणि टक्के ऐकून घाबरायचं कशाला? समजा, नाईट न करणाऱ्या शंभर जणींपैकी दहा जणींना आयुष्यात कधीतरी हा आजार होणार असेल, तर नाईटवाल्यांत साडेअकरा-बारा जणींना होईल. (आकडे उदाहरणादाखल घेतलेत.) नाईटमुळेच सगळं बिघडतं म्हणायला हे पुरेसं नाही. बरं, नाईट करणाऱ्या बायका कदाचित जास्त सिगारेट ओढत असतील, वजन जास्त असेल.

रात्रपाळी
बरोबर हटकलंत. १९९५ चा हिशोब फक्त ४ वर्षांचा होता, आजारी पडलेल्यांची संख्याही लहान. २४ वर्षांचा जास्त भरवशाचा. सिगारेट, वजन, व्यायाम वगैरे वजा करूनच हे आकडे काढतात. म्हणजे नाईट हा एकटा राक्षस नाही हे मान्य. पण बाकीच्या राक्षसांना दार नाईटच उघडून देते. रात्री बीपी झोपेत १०-२० टक्के उतरायला हवा, जागं राहिलं की उतरत नाही. पहाटे दोनला भूक नसताना खाल्लेली साखर शरीराला नीट पेलत नाही. सकाळी घरी आलं की झोप अर्धवट. त्याच नर्सेसच्या अभ्यासात रोज ५ तास किंवा कमी झोपणाऱ्यांना ८ तास झोपणाऱ्यांपेक्षा हृदयविकाराचा धोका सुमारे ४५ टक्के जास्त दिसला होता.

निवृत्त_परिसेविका
बाळांनो, धागा वाचून राहवलं नाही. आमच्या काळी नाईट लागली की महिना महिना सलग. हृदयबिदय कोणी बोलत नसे, फार तर 'नाईटने ॲसिडिटी झाली'.

एक प्रसंग सांगते, नाव-गाव सोडून. आयसीयूमधली सिस्टर, वय ४७. नाईटमध्ये जाडजूड पेशंटची पोझिशन बदलली आणि दोन खांद्यांच्या मध्ये पाठ भरून आली. आपल्या धंद्यात पाठ कोणाची दुखत नाही? तिने पाठीला मलम लावलं, ॲसिडिटीची एक पँटोप्राझोल घेतली आणि कामाला लागली. घाम आला तर म्हणे एसी बंद पडलाय. सकाळी ओव्हर (पुढच्या पाळीला पेशंटची माहिती) देताना शब्द अडखळायला लागला तेव्हा दिवसपाळीच्या पोरीला शंका आली. ती म्हणाली, ताई, आडव्या व्हा, ईसीजी काढते. तर ही आडवी होईना. का? कारण त्या बेडची चादर तिने आताच बदलली होती, पेशंट वर यायचा होता! पोरीने हाताला धरून झोपवली. दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये एसटी वर गेलेली. इन्फिरिअर वॉल, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका. तासाभरात कॅथ लॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात तिथे). वाचली, नंतर ओपीडीत ड्यूटी मिळाली.

तिच्या हाताखाली असे पेशंट शेकड्यांनी गेले असतील. पेशंट हेच सांगत आला असता तर तिने दहा मिनिटांत ईसीजी काढला असता.

फिजिशियनकाका
परिसेविका ताईंचा प्रसंग अगदी नेहमीचा, दुर्दैवाने. दोन गोष्टी स्पष्ट करतो, कारण समाजमाध्यमांवर 'बायकांना छातीत दुखतच नाही' असं काहीतरी फिरत असतं. तसं नाही. बायकांतही छातीत दाब, जडपणा, आवळल्यासारखं हेच सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे. पण बरोबर दम लागणं, मळमळ, पाठ-जबडा-मान दुखणं, अचानक विचित्र थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त वेळा असतं. मग बाई दम लागल्याचं खापर हिमोग्लोबिनवर फोडते, मळमळीचं जागरणावर, पाठीचं पेशंट उचलण्यावर. सगळी खापरं पटण्यासारखी असतात, हाच घोळ.

दुसरं, अँजिओग्राफी नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं नाही. बायकांत हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आजार जास्त दिसतो, तो मोठ्या नळ्यांच्या चित्रात दिसत नाही. तरुण बायकांत, विशेषतः बाळंतपणाच्या आसपास, रक्तवाहिनीचा पापुद्रा आपोआप फाटण्याचा प्रकारही होतो. तेव्हा 'वय कमी आहे, असेल काहीतरी' हे डॉक्टरनेही म्हणू नये. सांगताना खेद होतो, आमच्यातले काही म्हणतात.

आता आपल्या लोकांबद्दल. नर्सेस हेल्थ स्टडीतल्या बायका बहुतांश गोऱ्या अमेरिकन. ५२ देशांतला इंटरहार्ट अभ्यास २००४ मध्ये आला. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका बाकीच्यांपेक्षा साधारण ५-६ वर्षं लवकर येताना दिसला. आणि तंबाखू, कोलेस्टेरॉल, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, भाजी-फळं, व्यायाम, मद्य या ९ गोष्टींतच जवळपास ९० टक्के धोका सामावलेला. म्हणून आपल्याकडे बायकांचा कमरेचा घेर ८० सेंमीच्या वर गेला की लक्ष द्यायचं, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २३ च्या वर गेला की जास्त वजन धरायचं. पाश्चात्त्य २५ ची वाट बघायची नाही.

लेबररूमवाली
घेर ८०! आमच्या लेबर रूममध्ये कोणाचाच बसणार नाही. कारण एकच, पेढे. प्रत्येक डिलिव्हरीनंतर नातेवाईक अर्धा किलोचा डबा ठेवून जातात. मुलगा असेल तर एक किलोचा, हे आणखी संतापजनक, पण तो विषय वेगळा. रात्री दोनला पँट्रीत चहा उकळतो, टोस्ट-खारीचा पुडा फुटतो आणि मध्ये पेढ्यांचा डबा उघडा. जेवायला धड वेळ नसतो म्हणून जाता-येता एक एक तोंडात. सकाळी मोजले तर लाज वाटेल.

रात्रपाळी
@लेबररूमवाली, आमच्याकडे डिस्चार्जचे पेढे, फरक इतकाच 🙂

रात्री खाण्याबद्दल २०२१ चा एक छोटा प्रयोग आहे. प्रयोगशाळेत १९ निरोगी तरुणांना नाईट ड्यूटीसारखं जागवलं. अर्ध्यांना रात्रीही जेवण, अर्ध्यांना तितकंच जेवण पण फक्त दिवसा. रात्री खाणाऱ्यांची रक्तातली साखर सरासरी ६.४ टक्के वाढली, दिवसा खाणाऱ्यांची वाढली नाही. १९ माणसांवरून कायदा करता येत नाही. पण मी तेव्हापासून नाईटला निघण्याआधी सातला पूर्ण जेवते: भाकरी, उसळ, भाजी, ताक. मध्ये लागलंच तर मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. पहाटे पोहे-उपमा नाही, घरी येऊन हलका नाश्ता आणि झोप. पहिले काही दिवस पोटात कावळे ओरडतात, नंतर सवय होते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

शेंगदाण्यांची बाजू घेते म्हणून हसू नका. आठवड्याला साधारण दीडशे ग्रॅम दाणे-सुकामेवा खाणाऱ्या नर्सेसमध्ये हृदयविकार सुमारे ३५ टक्के कमी आढळला होता, ८६ हजार बायकांत. खारे नकोत, तळलेले नकोत. आणि डालडा! वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट हृदयाला घातक हे १९९३ मध्ये याच नर्सेसच्या नोंदींनी दाखवलं. आपल्याकडे २ टक्क्यांची मर्यादा यायला २०२२ उजाडलं. खारी आणि क्रीमरोल कशात बनतात ते बेकरीवाल्याला विचारून बघा एकदा.

शंकेखोर
दाणे खाणाऱ्या बायका मुळातच तब्येतीला जपणाऱ्या असतील. निरीक्षणावर इतकी भिस्त नको. हार्मोन्सचं काय झालं आठवतंय ना?

फिजिशियनकाका
शंकेखोरांना पूर्ण गुण. नवीन वाचकांसाठी: १९८५ मध्ये याच अभ्यासातून असं दिसलं होतं की पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घेणाऱ्या नर्सेसना हृदयविकार कमी होतो. डॉक्टरांनी हृदयासाठी म्हणून गोळ्या लिहायला सुरुवात केली. मग अमेरिकेतच १६ हजारांहून जास्त बायकांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून चाचणी झाली. ती २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, कारण इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकारही जास्त निघाला. आज या गोळ्या गरम वाफा, घाम, झोपमोड यांसाठी योग्य वयात, योग्य बाईला देतात. हृदय वाचवण्यासाठी देत नाहीत. पन्नाशीतल्या सिस्टरनी मैत्रिणीच्या गोळ्या सुरू करू नयेत.

पण सगळंच मोडीत काढू नका. सिगारेट, चालणं, ट्रान्स फॅट याबाबतीत बाकीचे पुरावेही त्याच दिशेने बोट दाखवतात.

गल्फरिटर्न
सिगारेटचा मुद्दा आपल्या सिस्टरांना लागू नाही असं वाटेल. पण मशेरी? आमच्या जुन्या वॉर्डात मावशी लोक तर सोडाच, दोन-तीन सिनियर सिस्टरही सकाळी दाताला मशेरी लावल्याशिवाय ड्यूटीवर येत नसत. 'ओढत तर नाही ना!' हे उत्तर ठरलेलं.

फिजिशियनकाका
इंटरहार्टमध्येच चघळायच्या तंबाखूचा वेगळा हिशोब केला होता. झटक्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. मशेरी ही भाजलेली तंबाखूच.

एक_नवरा
बायको सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका. मी आयटीवाला, घरून काम. तिच्या झोपेबद्दल लिहितो, कारण ती स्वतः लिहिणार नाही. ती आठला घरी येते. पूर्वी डबे करायची, पोराला बसपर्यंत सोडायची, साडेदहाला आडवी व्हायची आणि अकराला सिलिंडरवाला बेल मारायचा. दुपारी एकला सासूबाईंचा फोन. चारला पोरगं घरी. म्हणजे झोप किती झाली बघा. आता खिडकीला जाड काळा पडदा, बेलची वायर काढलेली, दारावर कागद: 'आई नाईटवरून आली आहे. कुरिअर वॉचमनकडे ठेवा.' तिचा फोन माझ्याकडे. डबा मी करतो, म्हणजे तीन दिवस पोळी-जॅम, पण होतो.

लेबररूमवाली
एका नवऱ्याने पोळी-जॅम केला तर धाग्यावर टाळ्या! आमच्या सासूबाई 'दिवसा झोपते' असं शेजारी सांगतात. (पडद्याची आयडिया घेतली, धन्यवाद.)

पीसीओएसवाली
मी २९, बीएस्सी नर्सिंग, खासगी रुग्णालय. पहिल्या बाळंतपणात प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) झाला होता, ३५ व्या आठवड्यात सीझर. नंतर बीपी नॉर्मल झाला, गोळ्या बंद. आता पुन्हा नाईट सुरू. याचा हृदयाशी काही संबंध आहे का? कोणी काही सांगितलं नव्हतं.

फिजिशियनकाका
आहे, आणि हे सांगायला हवं होतं. प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट धरतात, पुढे कायमचा बीपी मागे लागण्याचा त्याहून जास्त. गरोदरपणातला मधुमेहही तसाच, पुढे टाईप २ होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. घाबरायचं नाही, फाइलमध्ये लिहून ठेवायचं. दरवर्षी बीपी, उपाशीपोटी साखर, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे). पीसीओएसही (हार्मोन्स आणि पाळीचा त्रास) सांगा. कोणताही डॉक्टर छातीच्या दुखण्यासाठी तपासत असेल तर 'बाळंतपणात बीपी वाढला होता' हे स्वतःहून सांगा, तो विचारेलच असं नाही.

पीसीओएसवाली
धन्यवाद काका. आज सकाळी १२८/८४ होता. तपासणी वर्षातून एकदा आमच्याकडे होते, कागदावर. म्हणजे रजिस्टरवर सही घेतात आणि उंची-वजन आम्हीच भरतो.

रात्रपाळी
हे बहुतेक ठिकाणचं. एनएबीएचच्या (रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) मानकांत थेट रुग्णसेवेतल्या कर्मचाऱ्यांची वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी अपेक्षित आहे. तपासणीच्या आधी महिनाभर फायली चकाचक होतात, तेव्हा इन्चार्जला सांगून खरे बीपी-शुगर-लिपिड करून घ्या. आमच्या वॉर्डात आम्ही आता वेगळंच सुरू केलंय. दर सोमवारी ओव्हरच्या वेळी येणारी आणि जाणारी, दोघींनी एकमेकींचा बीपी घ्यायचा. पाच मिनिटं बसून, हात टेबलावर, बोलायचं नाही (हे सगळ्यांत अवघड). वहीत लिहायचं. १६४ वाली सध्या गोळीवर आहे, १३० च्या खाली आलीय.

गल्फरिटर्न
चालण्याबद्दल कोणी लिहिलं नाही. 'वॉर्डात दिवसभर चालतोच की' असं सगळ्या म्हणतात.

फिजिशियनकाका
वॉर्डातलं चालणं थांबत थांबत असतं, दम लागेल असं नसतं. ७२ हजार नर्सेसच्या हिशोबात आठवड्याला ३ तास झपझप चालणाऱ्यांना हृदयविकार ३० ते ४० टक्के कमी. झपझप म्हणजे बोलता येतं, गाता येत नाही. नाईटला जायच्या आधी संध्याकाळी अर्धा तास जमतो, नाईटनंतर सकाळी नको, झोप उडते.

आणि एक आकडा शंकेखोरांसाठी: २००० साली ८४ हजार नर्सेसचा १४ वर्षांचा हिशोब आला. सिगारेट नाही, वजन आटोक्यात, रोज अर्धा तास व्यायाम, चांगला आहार आणि थोडं मद्य (ही पाचवी अट आज कोणी सुचवणार नाही, सोडून द्या), हे सगळं पाळणाऱ्यांत झटक्याचा धोका ८३ टक्के कमी. पण सगळं पाळणाऱ्या किती होत्या? ३ टक्के.

शंकेखोर
३ टक्के! आरोग्याचं शिक्षण घेतलेल्या, पगारी, अमेरिकेतल्या बायका. यावरून मला तरी एवढंच दिसतं की 'सिस्टरने शिस्त पाळावी' हा उपाय पुरत नाही. ड्यूटी लावणाऱ्यांना कोणी काही विचारणार की नाही?

निवृत्त_परिसेविका
अगदी मनातलं बोललात. मी रोस्टर लावायचे, म्हणून सांगते. दुपारपाळी रात्री नऊला सुटून सकाळी सातला परत ड्यूटी, ही सर्वांत वाईट. घरी पोचून जेवून झोपेपर्यंत बारा, साडेपाचला उठायचं. युरोपात दोन पाळ्यांमध्ये ११ तास विश्रांतीचा नियम आहे. मी शेवटची काही वर्षं सकाळ, मग दुपार, मग रात्र असाच क्रम ठेवला, उलटा नाही. शरीराला पुढे सरकणं सोपं जातं. नाईट सलग कमी, आणि नाईटनंतरचा दिवस सुटीत धरायचा नाही, ती झोपच असते. माणसं कमी होती म्हणून दर वेळी जमलं नाही. दोन जणी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या की सगळं कोलमडायचं. डेन्मार्कमध्ये १९९३ पासून नर्सेसचा असाच अभ्यास चालू आहे. कामाचा ताण फारच जास्त म्हणणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळला, तोही पन्नाशीच्या आतल्या सिस्टरांत ठळकपणे. म्हणजे भरती न करण्याची किंमत कोण मोजतंय ते बघा.

रात्रपाळी
ताई, हे मेट्रन मॅडमना दाखवणार आहे.

आता अगदी नव्या मुलींसाठी काकांशी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) बोलून लिहिते. ड्यूटीवर स्वतःला छातीत, पाठीत, जबड्यात दाब, घाम, दम, काहीतरी वेगळं वाटलं तर ओव्हर पुरा करायचा नाही. शेजारच्या सिस्टरला सांगा, आडव्या व्हा, दहा मिनिटांत ईसीजी. पहिला नॉर्मल आला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा काढा, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) पाठवा. ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून ३२५ मिग्रॅ ॲस्पिरिन चावून. घरी असाल तर १०८, स्कूटी काढून स्वतः यायचं नाही.

गल्फरिटर्न
आणि पेशंटच्या बेडवर झोपायला लाजायचं नाही!

लेबररूमवाली
चादर आम्ही बदलू 😀

पीसीओएसवाली
@निवृत्त_परिसेविका ताई, पुढे सरकणाऱ्या रोस्टरचा तुमच्याकडे काही नमुना आहे का? आमच्या वॉर्डात १४ जणी, ३ पाळ्या, रात्री किमान ३ लागतात. इन्चार्ज म्हणते, करून दाखव, मी लावते.

निवृत्त_परिसेविका
१४ मध्ये बसतं. दोघी एकदम रजेवर गेल्या तर काय करायचं तेही लिहून देते. जुनी वही शोधून फोटो व्यनि करते, उद्यापर्यंत दे वेळ.